चारित्र्याचा दाखला

"दीपमाला गहिनीनाथ तुमची कोण?"

खिचडीच्या पातेल्यात उलथणं फिरवता फिरवता साखराबाईनं मान वर केली. शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात बजरंग हवालदार उभा होता, काखेत फाइल धरून. खाकी दिसली की ती आधी पदर सावरायची. गेल्या दोन वर्षांत ही सवयच लागली होती.

"लेक हाय. कावून?"

"कुठं असती?"

"इंग्लंडला. शिकाया गेलीय."

"हां, तीच. तिकडून कागद आलाय, पडताळणीचा."

साखराबाईचा हात थांबला. "काय झालं तिला?"

"काय झालं न्हाई, घाबरू नका. तिला तिथं काम मिळतंय. त्यांला चारित्र्याचा दाखला पायजे. पोरगी कशी हाय, काय गुन्हाबिन्हा हाय का, ते ठाण्यातून लिवून जातं."

साखराबाई हसली. "एवढंच व्हय? आवो, पोरगी कशी हाय ते इथल्या कुत्र्यामांजरालाबी ठावं हाय. इचारा की कुणालाबी."

हवालदार हसला नाही. फाइल उघडलीही नाही. "बाई, गावाला ठावं हाय ते माझ्या कामाचं न्हाई. ठाण्याच्या वहीत काय हाय ते मला लिवावं लागतं. आन वहीत तिच्यावर गुन्हा हाय. तुमच्या दोघींवर."

खिचडी खाली लागली. करपल्याचा वास वर्गापर्यंत गेला तेव्हा कुठं ती भानावर आली आणि पातेलं उतरवायला धावली.

दीपमालाला जाऊन चार महिने झाले होते. दिंद्रुडच्या शिवारातल्या या वस्तीवरून तालुक्याबाहेर शिकायला गेलेली ती पहिली मुलगी. आईबाप ऊसतोडीला गेले की ती मावशीकडं राहायची आणि शाळा चुकवायची नाही. अंबाजोगाईला नर्सिंग केलं, तिथंच दवाखान्यात नोकरी केली आणि शिष्यवृत्ती मिळवून पुढचं शिकायला इंग्लंडला गेली. शिष्यवृत्तीत फी आणि खोली भागत होती. खाणंपिणं, बसभाडं, थंडीचे कपडे ज्याचे त्यानं बघायचे. शिकता शिकता काम करायची तिथं मुभा होती, पण मोजून.

"वीस तास, माय," ती फोनवर म्हणाली होती.

"दिसाला?"

"दिवसाला नाही गं! आठवड्याला."

साखराबाईनं मनात हिशेब केला. "वीस तास म्हंजी आमचा फडातला दीड दिस. बाकीचे दिस काय बसून राहायचं?"

"बाकीचे दिवस शिकायचं. आणि विसाचे एकवीस झाले तर परत पाठवून देतात."

काम करण्यासाठी परवानगी लागते, हेच साखराबाईला पटायला वेळ लागला. दीपमाला दर रविवारी फोनवर सांगायची आणि ती नीट ऐकायची. आधी विद्यापीठाचं पत्र. त्या पत्रावर बँकेचं खातं. व्हिसा तिथं आता कागदावर नसतो, तो सरकारच्या संगणकावर असतो. त्यातून नऊ अक्षरांचा कोड काढून मालकाला द्यायचा. मालक तो तपासणार आणि मगच कामावर घेणार. त्याशिवाय सरकारी विम्याचा एक नंबर, पगारातून जे कापलं जाईल ते तिच्याच नावावर जमा व्हावं म्हणून. दीपमालाच्या जन्मतारखेत संगणकानं महिना आणि दिवस उलटे धरले होते. ते सुलटे करण्यात तीन आठवडे गेले.

साखराबाईला त्या उशिराचं काही वाटलं नाही. तिला नवल वाटलं ते वेगळंच. ती वीस हंगाम फडात गेली होती. मुकादमानं कधी तिचं नाव लिहिलं नव्हतं. नवराबायको मिळून एक कोयता, असं मोजायचे. किती कोयते आले, किती कोयते गेले. आणि तिकडं तिच्या लेकीची जन्मतारीख चुकली म्हणून सरकार तीन आठवडे खपत होतं.

मधे एका हॉटेलवाल्यानं दीपमालाला बोलावलं होतं. माणूस आपल्याच देशाचा. म्हणाला, कोड नको, नंबर नको, मागच्या दारानं ये आणि भांडी घास. दीपमालानं आईला विचारलं तेव्हा साखराबाईनं क्षणाचाही विचार केला नाही.

"कागदानंच कर, बाई. बिनकागदाचं मरण आपण बघितलंय."

ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची, डिसेंबरातली दुपार होती. मोहनरावांच्या मळ्यात ऊस तुटत होता. मोहनराव म्हणजे पंचक्रोशीतलं मोठं घर. जमीन, ट्रॅक्टर आणि दोन पिढ्यांचं राजकारण. मागची ट्रॉली चाकोरीत फसली म्हणून साखराबाईचा नवरा गहिनीनाथ चाकाला दगड लावायला वाकला. ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरला खाली उतरवून मोहनरावांचा मुलगा अभिमन्यू स्वतः चढला होता, हौसेनं. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात कानाला लावलेला मोबाइल. ट्रॉली पुढं जायच्या ऐवजी मागं आली. साखराबाई डोक्यावर मोळी घेऊन दहा हातांवर उभी होती. मोळी खाली टाकायचंही तिला सुचलं नाही.

गहिनीनाथ जागीच गेला. तिसऱ्या दिवशी मोहनरावांची जीप वस्तीवर आली. ट्रॅक्टर परगावचा ड्रायव्हर चालवत होता आणि तो पळून गेला, असं जीपमधली माणसं सांगू लागली. गहिनीनाथ त्यांच्या मळ्यात कामाला होता याचा कुठं कागदही नव्हता. साखराबाईनं दगड उचलला आणि जीपच्या काचेवर घातला. सुट्टी काढून आलेली दीपमाला आईचा हात धरायला धावली. एवढंच तिनं केलं. संध्याकाळी मोहनरावांनी ठाण्यात जाऊन दोघींची नावं लिहून दिली. दगडफेक, शिवीगाळ, नुकसान.

पण साखराबाईही ठाण्यात गेली. अभिमन्यूचं नाव तिनं तीन वेळा सांगितलं. लिहून होईपर्यंत उठली नाही. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजनं सगळ्या मुलींचे पासपोर्ट आधीच काढून दिले होते, म्हणून दीपमालाचं जाणं अडलं नाही. जीपच्या केसचे कागद कोर्टात पोचले तेव्हा पोरगी विमानात बसली होती.

अपघात पाहणारे फडात सातजण होते. एकेक करून सगळे म्हणाले, आम्ही पाठमोरे होतो. रामहरीही म्हणाला. रामहरी आणि छबुबाई म्हणजे तिच्या शेजारचा कोयता. वीस वर्षं एका चुलीवर भाकरी भाजलेली माणसं. रामहरीनं साक्ष फिरवली त्या दिवसापासून साखराबाईनं त्यांच्या घराकडं मान वळवली नव्हती. छबुबाई समोरून आली की ती वाट सोडून काट्यातून जायची. उरली होती फक्त तिची एकटीची साक्ष.

मिटवून घ्या, असं सांगायला लोक आले. जमीन देतो म्हणाले, घर बांधून देतो म्हणाले. ती सगळ्यांना एकच सांगायची. "मला काय नको. त्यानं कोर्टात उभं राहून म्हणावं, ट्रॅक्टरवर मी होतो. बास."

आता दीपमालाला काम मिळालं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात, आठवड्याला बरोबर वीस तास. नर्सिंग केलेली म्हणून त्यांनी लगेच घेतलं. कोड तपासला, नंबर घेतला, खातं लिहून घेतलं. राहिला फक्त मायदेशाचा दाखला. अडल्यानडल्या म्हाताऱ्यांची उस्तवार करणारं माणूस स्वच्छ असलं पाहिजे, असा तिथला नियम. चार आठवड्यांत दाखला आला नाही तर जागा दुसऱ्याला.

"ह्याला उपाय काय?" साखराबाईनं हवालदाराला विचारलं होतं.

"कोर्टातून केस निघाया पायजे. निकालाची वाट बघितली तर दोन वर्सं. न्हाईतर लोकअदालत हाय, पुढल्या शनवारी. ज्यानं फिर्याद दिली त्यानं म्हणायचं, आमचं आपसात मिटलं." हवालदारानं फाइल दुसऱ्या काखेत घेतली. "मी धा-बारा दिस कागद थांबवू शकतो, बाई. त्याच्या म्होरं न्हाई."

रविवारी दीपमालाचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा दिसला. गालांची हाडं वर आली होती.

"काय जेवलीस?"

"ब्रेड."

"काल?"

"माय, सोड ना. हवालदार आला होता का?"

साखराबाईनं सांगितलं. दीपमालानं गळ्याभोवतीची शाल घट्ट ओढली. मग म्हणाली, "राहू दे. दुसरं बघेन. दुकानात, गोदामात कुठंतरी मिळेल. पण एक ऐक. माझ्यासाठी तू त्यांच्या दारात जायचं नाही. दादाची शपथ आहे तुला." बापाला ती दादा म्हणायची.

"न्हाई जात," साखराबाई म्हणाली.

सोमवारी सकाळी ती गेली.

मोहनराव ओसरीत पेपर वाचत होते. तिला पाहून ते उठून उभे राहिले. तिला वाटलं होतं, अंगणात उभं करतील, ताटकळत ठेवतील. तसं काही झालं नाही.

"या साखराबाई. खाली नका, खुर्चीवर बसा. अगं, च्या सांग."

चहा कपबशीतून आला. नक्षीच्या. तिनं तो हातात घेतला आणि तसाच धरून बसली.

"पोरगी परदेशात गेली, आमाला अभिमान हाय. गावाचं नाव काढलं. तिचं नुकसान व्हावं असं मला कावून वाटंल?"

"मग मालक, तेवढी केस मागं घ्या. तिनं दगड मारला न्हवता. मी मारलता."

"ठावं हाय मला."

साखराबाईनं वर पाहिलं. "ठावं हाय? मग तिचं नाव कावून घातलं?"

"वकिलानं घातलं. म्हणला, एकापेक्षा दोन नावं बरी असत्यात. पुढंमागं कामाला येतंय." मोहनरावांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, बी पेरताना दोन दाणे टाकावेत तसं. "शनवारी लोकअदालतीत येतो मी सवता. सांगतो, मिटलं. पर उद्या मंगळवारी तुमची साक्ष हाय. आदी मंगळवार येतो, मग शनवार. तुमच्या लेकीला सारं आयुष्य पडलंय, तसं माझ्या लेकालाबी पडलंय."

तिनं कपबशी मांडीवर टेकवली.

"अभिमन्यू!" त्यांनी आत हाक मारली.

तो आला. दोन वर्षांत पोट सुटलं होतं, डोळ्यांखाली काळं आलं होतं. साखराबाईनं कोर्टात त्याला लांबून पाहिलं होतं, एवढ्या जवळून नाही.

"मावशीच्या पाया पड."

तिनं पाय मागं ओढले, पण खुर्चीमागं भिंत होती. त्यानं वाकून पायांना हात लावला. हात थंडगार होते. तो लगेच उठला नाही. तसाच वाकून, मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मी—"

"आत जा," मोहनराव म्हणाले.

तो उभा राहिला. क्षणभर त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि आत गेला. साखराबाईनं चहाची बशी जमिनीवर ठेवली. कप भरलेलाच होता.

मंगळवारी ती पहिल्या गाडीनं तालुक्याला गेली. सरकारी वकील एक तरुण बाई होत्या. दोन वर्षांत तिच्याशी आस्थेनं बोललेलं कोर्टातलं ते एकच माणूस. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "घाबरायचं नाही मावशी. जे पाहिलं ते सांगायचं. तुमच्या एका साक्षीवर सगळं आहे." साखराबाईनं मान हलवली. त्यांच्या डोळ्यांकडं तिला बघवेना.

पिंजऱ्यात उभी राहून तिनं खरं सांगायची शपथ घेतली.

"ट्रॅक्टर कोण चालवत होतं?"

"ध्यानात न्हाई."

वकीलबाईंना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"दिसलं न्हाई, बाई. ऊन डोळ्यावर व्हतं."

"तुम्ही तक्रारीत नाव दिलं आहे. तीन वेळा दिलं आहे."

"तवा मी भानावर न्हवते."

"ती व्यक्ती आज या कोर्टात हजर आहे का? नीट बघा."

तिनं बघितलं. अभिमन्यू दोन बाकं सोडून बसला होता. खाली मान घालून, हाताच्या बोटांकडं बघत. त्याच्यामागं मोहनराव.

"न्हाई," साखराबाई म्हणाली.

वकीलबाई हातातल्या कागदांकडं बघत राहिल्या. मग न्यायाधीशांकडं वळून म्हणाल्या, "साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करण्यात यावं." त्यानंतर त्यांनी तिला बरेच प्रश्न विचारले, परक्या माणसाला विचारावेत तसे. तिनं सगळ्यांना नाही म्हटलं. शेवटी कारकुनानं कागद पुढं केला. वीस वर्षं अंगठा देणाऱ्या साखराबाईला सही दीपमालानं शिकवली होती. तिनं अक्षर अक्षर लावून पूर्ण नाव लिहिलं, त्यात नवऱ्याचंही आलं.

आवारात कडुनिंबाखाली ती गाडीच्या वेळेची वाट बघत बसली. बाहेर येताना वकीलबाई तिच्यापुढून गेल्या, थांबल्या नाहीत. थोड्या वेळानं कुणीतरी शेजारी येऊन टेकलं. छबुबाई होती. तिचं कोर्टात काही काम नव्हतं. ती मुद्दाम आली होती, हे दिसतच होतं. तिनं पिशवीतून फडकं काढलं, भाकरी मोडली आणि अर्धी साखराबाईपुढं धरली.

"खा," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असशील. आमाला ठावं हाय."

तो 'आमाला' साखराबाईला टोचला. दोन वर्षं तिनं या बाईला थुंकीच्या मोलाचं धरलं होतं. आता दोघी एका झाडाखाली, एका पातळीवर. नको म्हणायचं तोंड तिला उरलं नव्हतं. तिनं भाकरी घेतली.

"रामहरीला काय दावलं व्हतं त्यायनं?" तिनं विचारलं.

"पोराची नोकरी," छबुबाई म्हणाली. "लागली न्हाई अजून."

मोहनराव मात्र शब्दाला जागले. शनिवारी ते इस्त्रीचे कपडे घालून आले आणि लोकअदालतीत हसतमुखानं सांगितलं, "गावातलं भांडण, साहेब. आमच्याच लेकीबाळी हायत." चार मिनिटांत केस निघाली. सोमवारी बजरंग हवालदारानं कोर्टाचा कागद फाइलला लावला. जाताना तो काहीतरी बोलणार होता, पण टोपी नीट करून नुसताच निघून गेला.

दीपमालाचा फोन रविवार नसतानाही आला. शाळा सुटून साखराबाई भांडी घासत होती. राखेचे हात पदराला पुसून तिनं फोन उचलला.

"माय! दाखला आला! लिहिलंय, हिच्याविरुद्ध काहीही आढळून आलेलं नाही. उद्यापासून कामावर जातेय मी!" मागं गाड्यांचे आवाज येत होते. ती रस्त्यात उभी राहूनच बोलत असावी. मग तिचा आवाज जरा खाली आला. "पण गुन्हा कसा निघाला गं? तू गेली नव्हतीस ना त्यांच्याकडं?"

"छ्या. मी कशाला जाती? कोर्टानंच काढला. तू दगड मारलाच न्हवता, ते कळलं साहेबाला."

"खरंच?"

"खरंच."

पलीकडं दीपमाला नाक ओढत असल्याचा आवाज आला. रडत होती की थंडीनं, कळलं नाही. "बघ माय, मी म्हणत नव्हते? उशीर होतो, पण खरं ते बाहेर येतं. दादाचंपण येईल. तू फक्त ठाम राहा."

"व्हय," साखराबाई म्हणाली. "जेवलीस का?"

"आज जेवणार. पोटभर."

"जेव मग. ठेवते. पातेलं भिजत पडलंय."

निकाल पुढच्या महिन्यात लागला. अभिमन्यू पुराव्याअभावी सुटला. मोहनरावांच्या दारात फटाके वाजले नाहीत, तसले थिल्लर चाळे त्या घरात नव्हते. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर दोन मोठी खोकी घेऊन स्वयंपाकखोलीत आले. ते तालुक्याहून येऊन-जाऊन नोकरी करणारे, नवे. वस्तीतलं त्यांना फारसं माहीत नव्हतं.

"साखराबाई, मोहनरावांकडून मुलांसाठी पेढे आलेत. खिचडीबरोबर एकेक वाढा. सगळ्यांना पुरतील, मोजलेत मी."

मुलं व्हरांड्यात ओळीनं ताटल्या घेऊन बसली होती. साखराबाईनं आधी खिचडी वाढली. मग खोकं डाव्या हातावर घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एका मुलाला एक. ओळ संपली की दुसरी. मधेच कुणी दोन मागितले तर ती 'पुरवायचेत रं' म्हणत पुढं जायची. एकही पेढा सांडला नाही.

शेवटच्या ओळीत पहिलीतली एक मुलगी होती, छबुबाईची नात. तिनं पेढा तळहातावर घेऊन वर पाहिलं.

"आज्जे, कशाचा हाय?"

"खव्याचा," साखराबाई म्हणाली, आणि पुढच्या ताटलीत वाढू लागली.